डांबर संपतं तिथून पुढे

सायकलवाल्यांच्या बोलण्यात ‘ग्रॅव्हल’ हा शब्द आता फार यायला लागला आहे. रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास जाड, गिअर घाट चढण्याइतके हलके आणि डांबर सोडून कुठंही जायची तयारी, अशी ही सायकल. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावाहून 2006 पासून माळरानातल्या खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते. 2022 मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. मग आपल्याकडच्या दुकानांतही अशा सायकली टांगलेल्या दिसू लागल्या. किंमत अर्ध्या लाखाच्या आगेमागे सुरू होते. कुठं थांबते ते विचारू नये.

सातारा-सांगलीच्या माणसानं यात फार बावरून जायचं कारण नाही. दुधाच्या किटल्या अडकवलेली जी काळी सायकल आपण लहानपणापासून बघतो, तिचा टायर असतो ‘28 बाय दीड’. त्याची रुंदी मोजा, चाळीस मिलिमीटरच भरते. गिअर नाहीत, वजन वीस किलोच्या घरात, ब्रेक लोखंडी दांड्यांचे; पण मुरमावर चालणारा टायर कसा असावा याचं उत्तर या सायकलीत कधीच देऊन झालं होतं. मधल्या काळात आपण बारीक टायरच्या नादी लागलो, कारण रस्ते गुळगुळीत झाले.

तेव्हा ‘ग्रॅव्हल म्हणजे काय’ यात अडकून पडण्यात अर्थ नाही. या दोन जिल्ह्यांत डांबर सोडून सायकल चालवायची तर कुठं, कोणत्या महिन्यांत, कुणाच्या जमिनीतून, आणि ते रस्ते अजून किती दिवस तसेच राहतील, हे प्रश्न खरे. माझं मत आधीच सांगून टाकतो. फोटो सगळे कासचे काढतात. सायकलीचा मुलूख मात्र पूर्वेला आहे, माण, खटाव, आटपाडी आणि जतमध्ये. कासच्या पठारावर तर चाक डांबराखाली उतरूच नये.

नकाशा डोळ्यांसमोर आणला की यामागचं कारण निम्मं तिथंच कळतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर दहिवडी आहे, तिथं पाचशेच्या आसपास पडला तरी लोक खूश असतात. एवढ्याशा अंतरात जमीन तीनदा बदलते. पश्चिमेला जांभ्या दगडाचे सडे आणि त्यांच्या उतारांना धरून दाट जंगल, मधे कृष्णा-कोयनेचं काळं रान आणि ऊस, पूर्वेला मुरमाड माळ. युरोपातली माणसं ज्याला हीथ म्हणतात, त्या झुडपी, वाऱ्या-उन्हाच्या, चराईवर टिकलेल्या मोकळ्या रानाशी आपल्या सड्याचंही नातं लागतं आणि माळाचंही. त्यातून सायकल कशी न्यायची याचं उत्तर मात्र दोन्हीकडे वेगळं आहे.

सडा आधी घेऊ, कारण गर्दी तिकडेच आहे. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणारा रस्ता सायकलवाल्यांच्या पायाखालचा. सातारा हिल मॅरेथॉन 2012 पासून याच चढावर होते, त्यामुळे पहाटे या रस्त्यावर पळणारे आणि पेडल मारणारे दोन्ही भेटतात. पठार साधारण 1,200 मीटर उंचीवर. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. म्हणजे चारातली दोन साताऱ्यात, आणि चांदोलीचा मोठा भाग सांगलीच्या शिराळ्याला लागून.

कासवर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती नोंदल्या आहेत. एवढा पसारा उभा आहे तो जांभ्यावर साचलेल्या मातीच्या पातळ थरावर. कुठं बोटभर, कुठं तेवढीही नाही. दगडाच्या खळग्यात पावसाळ्यात पाणी साचतं, त्यात सीतेची आसवं आणि गेंद येतात. वायतुरा तर असा की त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, आणि जगात तो फार थोड्या ठिकाणी उरला आहे. अशा ओल्या थरावर एकदा चाक गेलं की चाकोरी पडते, पुढच्या सरीला तिच्यातून पाणी वाहतं आणि ती माती पाण्याबरोबर निघून जाते. पुन्हा ती तिथं तयार व्हायला किती काळ लागेल याचा हिशेब माणसाच्या आयुष्यात मांडता येत नाही. हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा वन खातं आणि आसपासच्या गावांच्या समित्या मिळून राबवतात, ती उगीच नाही. कुमुदिनी तळ्याकडे जाणारी वाट आहे, तिला राजमार्ग म्हणतात. ती चालायची वाट आहे. कासला सायकलनं जरूर जा, डांबरावरून. पठारावर मात्र सायकल लावून पायी फिरा.

सड्यावर बिनडांबरी सायकल चालवायचीच असेल तर ती पवनचक्क्यांच्या रस्त्यांवर. साताऱ्याचा बोगदा ओलांडून सज्जनगडच्या बाजूनं ठोसेघर, तिथून वर चाळकेवाडी; पुढे पाटणच्या अंगाला वनकुसवडेचं पठार आणि सडावाघापूर. सांगली जिल्ह्यात शिराळ्याचं गुढे-पाचगणी. गेल्या शतकाच्या अखेरीपासून इथं पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक मनोऱ्यापर्यंत क्रेन जाईल असे मुरमाचे रुंद रस्ते पाडावे लागले. त्या रस्त्यांचं जाळं आज ग्रॅव्हल सायकलवाल्याला आयतं मिळालं आहे. चढ फार नाही, वळणं लांबच्या लांब, वारा मात्र असा की सपाटीवरही खालचा गिअर लावावा लागतो. वाऱ्याला पाठ करून निघालात तर परतीला तोंड द्यायचंच आहे, एवढं लक्षात ठेवून पाणी संपवावं.

आयत्या मिळालेल्या गोष्टीची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजलेली असते. चाळकेवाडीच्या पठारावर एक सरडा आहे, एप्रिल-मेमध्ये नर दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडतो आणि निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग एकदम दिसतात. सायकल थांबवली की पाच-सहा हातांवर हे बघायला मिळतं. 2016 मध्ये त्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद झाली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी याच पठारावर काम करून 2018 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. जिथं पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आढळले, त्यामुळे सरडे वाढले, माणसाला कमी भिऊ लागले, आणि गर्दी झाल्यानं अंगानं रोडावले. पातं हवेत फिरतं आणि परिणाम जमिनीवरच्या सरड्याच्या अंगाखांद्यावर दिसतो, हे मला त्या पठाराबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं. सायकलवाल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की पाडलेल्या रस्त्यावरच राहा. दोन मनोऱ्यांच्या मधून ‘शॉर्टकट’ मारायला रान मोकळं दिसतं. ते मोकळं नाही.

पावसाळ्यात सडा टाळावा असं मी म्हणतो ते निसर्गासाठी आणि हाडांसाठीही. जांभ्यावर शेवाळ धरलं की जाड टायरही उपयोगाचा नाही. धुकं असं उतरतं की पुढचा मनोरा दिसत नाही, फक्त पात्याचा आवाज येतो.

जंगलाबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. कोयना अभयारण्य 1985 चं, चांदोली 2004 पासून राष्ट्रीय उद्यान, आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र साडेअकराशे चौरस किलोमीटरांहून अधिक. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग चाकं दोन असोत की चार. मोबाइलवरच्या नकाशात एखादी बारीक पांढरी रेघ कोयनेच्या काठानं जंगलात जाताना दिसते म्हणून ती सार्वजनिक वाट ठरत नाही. धरणात आणि नंतर अभयारण्यात जी गावं उठली त्यांच्या त्या जुन्या वाटा. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणली गेली, म्हणजे हा प्रकल्प आता नावापुरता राहिलेला नाही.

हद्दीबाहेर मात्र भरपूर आहे. कास ओलांडून बामणोलीला उतरावं, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठानं गावं जोडणाऱ्या कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर फिरावं, लाँचमध्ये सायकल टाकून पलीकडे जावं. भाडं मात्र आधी ठरवून घ्यावं. इथं सायकलीचा एक दोष आड येतो, तो म्हणजे तिला आवाज नसतो. मोटारसायकल दोन वळणं आधी कळते आणि जनावर बाजूला होतं. सायकल उतारावरून गव्याच्या किंवा अस्वलाच्या अंगावरच जाते. जावळी-पाटणच्या बाजूला अस्वलानं माणसावर हल्ला केल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. म्हणून हँडलला घंटी हवी, फॅशनबाहेर गेलेली असली तरी. दिवस उगवायच्या आत आणि मावळल्यावर या रस्त्यांवर सायकल चालवू नये. गावातली माणसं चालवत नाहीत, त्यांना कारण माहीत आहे.

सांगलीकडचं जंगल छोटं पण वेगळं. सागरेश्वर अभयारण्य 1985 चं, जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, आणि ते माणसानं उभं केलेलं: धों. म. मोहिते यांनी आयुष्य घालून उघड्या डोंगरावर झाडं वाढवली, हरणं आणली. कडेनं कुंपण आहे, फाटकावर तिकीट आहे. आत सायकल नेता येईल का हे फाटकावरच विचारावं. मला विचाराल तर किर्लोस्करवाडीहून निघून डोंगराच्या पायथ्यानं फिरणं हेच बरं. मिरजकरांचा दंडोबाचा डोंगर याहून सोयीचा. पंढरपूरच्या रस्त्यानं भोश्यापर्यंत जावं आणि डोंगराला लागावं. माथ्याजवळ दगडात कोरलेलं देऊळ, सभोवार वन खात्याचं रान, आणि मिरजेहून निघून न्याहारीला परत घरी येता येईल एवढं अंतर. नवशिक्यानं पहिला कच्चा रस्ता इथं गिरवावा.

मधल्या ऊसपट्ट्याबद्दल थोडक्यात. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा 1860 च्या दशकातला, आणि त्याच्या कडेनं जाणारा पाटाचा रस्ता म्हणजे सपाट, सावलीचा, बिनगर्दीचा. म्हाताऱ्या माणसालाही झेपेल. नीरा उजव्या कालव्याच्या कडेनं फलटण भागात असंच. हे रस्ते पाटबंधारे खात्याचे, देखभालीसाठी केलेले; कुणी हटकलं तर वाद घालू नये. पावसाळ्यात या पट्ट्याचं नाव काढू नका. काळी माती चाकाला लागते, चाकाची फ्रेमला, आणि पन्नास पावलांत सायकल फिरायची थांबते. नोव्हेंबरपासून उसाच्या गाड्या. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या अरुंद पाणंदीत समोरून आल्या की सायकलवाल्यानं उसात शिरायचं, दुसरा मार्ग नाही.

पुसेगावच्या अलीकडे वर्धनगडाचा घाट उतरला की हवा बदलते. ऊस मागं राहतो, आभाळ मोठं होतं, बाभळी दिसायला लागतात. दहिवडी, मोही, गोंदवलं, म्हसवड. दक्षिणेला मायणी, विटा, खरसुंडी, आटपाडी. आणि आणखी खाली जत, जिथं पूर्वेकडच्या गावांत कानडी कानावर पडते. हा सगळा प्रदेश मुरमावर वसला आहे. मुरूम पाणी धरत नाही, चिकटत नाही, पाऊस पडून गेल्यावर दोन तासांत चाक चालतं. टायरखाली त्याचा करकर आवाज येत राहतो आणि पकड सुटत नाही. ग्रॅव्हल सायकल बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अशीच जमीन असणार.

इथल्या चालण्या-धावण्याची कीर्ती जुनी आहे. मोहीची ललिता बाबर याच वाटांवर धावून 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ याच मुलखातली, औंध संस्थानातली, आणि त्यातला तरुण मास्तर चालतच शाळेवर रुजू होतो. औंधच्या राजांनी 1939 मध्ये आटपाडीजवळ कैद्यांसाठी स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच. कैदी बिनभिंतीच्या माळावर ठेवायचे ही कल्पना सुचायला माळ बघितलेला असावा लागतो. आजही मुरमावर सगळ्यात जास्त सायकल चालवतात त्या शाळकरी मुली. वाडीवरून गावच्या हायस्कुलात, पाठीला दप्तर, कॅरिअरवर धाकटी. त्यांना कुणी ग्रॅव्हल रायडर म्हणत नाही.

मार्गांची गंमत अशी की इथं एक असा मार्ग नाही. प्रत्येक वाडीला दोन-तीन वाटा फुटतात. तरी वानगीदाखल राजेवाडीचा तलाव सांगतो. 1876-78 च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून माण नदीवर हाती घेतलेला हा तलाव म्हसवडच्या खाली आहे, सातारा-सांगलीच्या शिवेवर. त्याच्या काठानं दिघंचीकडे येणाऱ्या वाटांवर हिवाळ्यात पाण्यात बदकं आणि माळावर भोवत्या दिसतात. मायणी-येरळवाडीच्या बाजूला पाणथळ जागांना 2021 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तिथंही सायकल रस्त्यावर ठेवून दुर्बीण काढावी.

या वाटांवर तीन गोष्टी शिकाव्या लागतात, आणि पहिली म्हणजे काटे. माळावर दोन जातीचे भेटतात. सराटा जमिनीलगत पसरतो, त्याचं फळ कसंही पडलं तरी एक टोक वर असतं. तो ट्यूबला बारीक भोक पाडतो; ट्यूबलेस टायरमध्ये घातलेला चीक असं भोक आपोआप बुजवतो. बाभळीचा काटा बोटभर लांब आणि ताठ. तो टायरमधून आत जाऊन कधी पलीकडच्या बाजूलाही निघतो, तिथं चिकाचं काही चालत नाही. शेतकरी पिकाला कुपाटी घालतात तेव्हा बाभळीच्या फांद्या पाणंदीतूनच ओढत नेतात, आणि नेमके चाकोरीत काटे गळतात. म्हणून ताजी कुपाटी दिसली की चाकोरी सोडून मधल्या गवताच्या पट्टीवरून जावं. म्हसवडला एका पंक्चरवाल्यानं माझा टायर हातावर फिरवत, आतून अंगठा सरकवत एक मोडकं टोक काढून दाखवलं. “ट्यूब बदलून काय हुतंय दादा, काटा तर आतच ऱ्हातोय,” एवढंच म्हणाला. महागड्या सायकलींच्या माहितीपुस्तिकेत हे वाक्य पहिल्या पानावर छापायला हवं.

दुसरी गोष्ट कुत्री. मेंढरांचा कळप दिसला की त्याच्या मागं-पुढं धनगरी कुत्री असणारच. ती लांडग्यासाठी ठेवलेली असतात, आणि माणदेशात लांडगा अजून आहे. जोरानं पेडल मारून निसटायचा विचार करू नये. आटपाडीच्या अलीकडे एका म्हाताऱ्यानं काठी वर करून मला लांबूनच थांबवलं होतं.

“अवं पाव्हणं, उतरा खाली. बसल्यालं मानूस त्येस्नी वळखत न्हाई.”

उतरलो, सायकल मधे धरून चालू लागलो, आणि दोन्ही कुत्री गुरगुरत बाजूला झाली. त्यानंतरची त्याची चौकशी ठरलेली होती: कुठलं गाव, किती किलोमीटर, आणि “ह्येला मडगार्ड का न्हाई?” तिसऱ्याचं उत्तर मला देता आलं नाही. मेंढरं पुढे जाईपर्यंत थांबणं हा इथला शिष्टाचार आहे. दुपारच्या घाईत कळपातून सायकल घालणारे मी पाहिले आहेत. बिथरलेली मेंढरं गोळा करायला त्या माणसाला मग तासभर लागतो.

तिसरी गोष्ट अशी, की नकाशा खोटं बोलतो. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत 2016 साली कोरेगावचं वेळू पहिलं आलं, 2018 मध्ये माणची टाकेवाडी. त्या वर्षांत गावोगाव डोंगरउतारावर सलग समतल चर खणले गेले. चर उताराला आडवे जातात, आणि जुन्या गाडीवाटा उताराला उभ्या. उपग्रहाच्या चित्रात सरळ दिसणारी वाट दर काही पावलांवर दोन-दोन फूट खोल चरानं तुटलेली निघते. सायकल खांद्यावर घेऊन चर ओलांडताना कुरकूर करू नये. त्या चरामुळेच खालच्या विहिरीला पाणी आहे.

माळाचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. सुरुवातीला कुसळं मोज्यांत घुसतात, एवढाच त्रास. मार्चनंतर ऊन बोलू देत नाही, आणि तेव्हाच माळटिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. ती अंडी आणि आजूबाजूचे खडे डोळ्यांना सारखेच दिसतात. माळ ‘रिकामा’ आहे असं समजून कुठूनही चाक घालणाऱ्याला आपण काय चिरडलं हे कळतही नाही.

‘रिकामा’ हा समज सरकारदरबारीही पक्का आहे. सातबाऱ्यावर पोटखराब, अहवालात पडीक. गवताळ माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे, चराईवर आणि कमी पावसावर ती शतकानुशतकं उभी आहे, हे अभ्यासक किती वर्षं सांगत आहेत; तरी तिथं आधी गिरिपुष्पाची लागवड होते, मग उद्योगाचं नियोजन होतं. 2023 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात गायरानांवर सौर प्रकल्प येत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी, यात शंका नाही. पण गायरान गेलं की मेंढरं वन खात्याच्या हद्दीत जातात आणि दंड मेंढपाळाला होतो. सायकलवाल्याची वाट कुंपणानं तुटते ही त्यातली अगदी शेवटची तक्रार.

तसंच पाण्याचं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी आटपाडी, कवठेमहांकाळ, जतपर्यंत चढवलं. जिथं हुलगा आणि बाजरी होती तिथं डाळिंब आणि द्राक्षं आली, माळ नांगरला गेला, मुरमाच्या वाटेवर ठिबकच्या नळ्या आडव्या आल्या. ज्यांच्या दोन पिढ्या चारा छावणीत गेल्या त्यांना ‘तुमचा माळ सुंदर होता’ असं शहरातून आलेल्या माणसानं सांगू नये. बदल होणार. प्रश्न उरतो तो वाटांचा.

वाटांबाबत कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे, फक्त तो सायकलवाल्यासाठी लिहिलेला नाही. गावनकाशावर पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवतात, गाडीवाट दुबार तुटक रेषेनं. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. नकाशावर असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. नकाशात वाट नसेल आणि शेतात जायला मार्ग नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. पाणंदींवरची भांडणं, कोर्टकचेऱ्या, भावकीतले अबोले हा पश्चिम महाराष्ट्रातला केवढा मोठा व्यवहार आहे ते तहसील कार्यालयात एक दिवस बसलं की दिसतं. म्हणजे या वाटा मोकळ्या आहेत त्या शेतकऱ्यांनी भांडून मोकळ्या ठेवल्या म्हणून. सायकलवाला तिथला पाहुणा.

2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली आणि रोजगार हमीतून पाणंदींचं मजबुतीकरण सुरू झालं. मातीकाम, मग मुरूम, मग खडी. गंमत म्हणजे शासन इथं अक्षरशः ग्रॅव्हलचे रस्ते बांधतं आहे. पण ही मधली अवस्था आहे. गावात खडीचा रस्ता म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. पुढच्या निवडणुकीआधी त्यावर डांबर किंवा काँक्रीट पडतंच. बाळंतपणाला निघालेल्या बाईला खडीवरून जीपमधून न्यावं लागतं, तिथं कच्च्या रस्त्याचं गुणगान गाणाऱ्याला कुणी चहा पाजणार नाही. डांबर व्हायलाच हवं. मागायचं असेल तर एवढंच मागता येईल, की दोन गावं जोडणारा रस्ता पक्का करताना त्याच्या बाजूची जुनी शिवेवरची गाडीवाट नांगरली जाऊ नये, ग्रामपंचायतीनं तिला क्रमांक देऊन नकाशावर जिवंत ठेवावी. मेंढरांनाही तिचा उपयोग आहे, बैलगाडीलाही.

बाहेरच्या देशांत काय करतात तेही बघण्यासारखं आहे. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये हीथ आणि जंगल दोन्ही आहे, मोकळी घोडी-गुरं चरतात, आणि सायकल फक्त खुणा केलेल्या ठरावीक मार्गांवरच चालवता येते. बाकीचं सगळं रान पायी फिरायला मोकळं आहे. चाळकेवाडी आणि गुढे-पाचगणीला असंच करायला काही हरकत नाही. मनोऱ्यांचे रस्ते तयार आहेत, पाट्या लावायच्या आणि वर्षातले चार महिने बंद ठेवायचे. शुल्क घ्यावं, ते गावच्या समितीला जावं. माणदेशात मात्र पाट्यांची गरज नाही. तिथं गाव जवळ असतं, आणि माणूस विचारल्यावर वाट सांगतो.

सायकलीचं शेवटी सांगतो, कारण दुकानात ते पहिल्यांदा सांगतात. घरात हायब्रिड सायकल असेल तर तिला बसेल तेवढा जाड टायर घाला आणि हवा कमी ठेवा. पन्नास-साठ पौंडांवर मुरूम हाडं खिळखिळी करतो, ट्यूबलेसला तीस-पस्तीस पुरे. दोन जादा ट्यूब, पंप, काटा काढायला चिमटा, तीन लिटर पाणी. एवढ्यावर या लेखातला कोणताही रस्ता होतो. वर्षभर तसं चालवून मग नवी सायकल घ्यायची की नाही ते ठरवा. बहुतेकांना लागणार नाही.

पहिल्यांदा जाणार असाल तर डिसेंबरातला एखादा दिवस धरा. म्हसवडहून सकाळी निघा, राजेवाडीच्या तलावाच्या काठानं दिघंची, तिथं चहा, पुढे आटपाडी. वाकडंतिकडं धरून पस्तीस-चाळीस किलोमीटर होतील. आटपाडीहून परतायला एसटी मिळते. सायकलीचं सामानाचं तिकीट वेगळं पडतं, आणि टप नसलेल्या नव्या गाड्यांत ती घेतीलच असं नाही, तेव्हा चढायच्या आधी कंडक्टरला विचारा.